पृथ्वीला हातांचा वेढा

प्रिय माधवी,


केनियातल्या नान्युकी गावातला, विषुववृत्ताच्या पाटीजवळचा तुझा फोटो मिळाला आणि माझं डोकं भलत्याच हिशोबात अडकलं. त्या रेषेवर हातात हात धरून माणसं उभी केली, तर अख्ख्या पृथ्वीला वेढा घालायला किती जण लागतील? घेर ४०,०७५ किलोमीटर. हात पसरलेल्या माणसामागे दीड मीटर धर. उत्तर येतं, सुमारे दोन कोटी सदुसष्ट लाख. इतकीच गं! २०११च्या जनगणनेत मुंबई, तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा आणि पुणे जिल्हा मिळून सव्वातीन कोटी लोक होते. आपलीच माणसं पुरून उरतील.

अडचण आहे ती पाण्याची. तुझ्याकडची ती रेषा सोमालियाचा किनारा सोडते, ती सुमात्रापर्यंत समुद्रातूनच जाते. इंडोनेशिया संपला की पॅसिफिक, आणि मधलं एखादं बेट सोडलं तर थेट इक्वेडोरपर्यंत पाणीच पाणी. विषुववृत्ताचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग समुद्रावर आहे. तिथे कोण उभं राहणार?

तरी समजा, राहिले. मग तू शेजारच्याचा हात दाबलास, त्याने पुढच्याचा, असं करत तो दाब जगभर फिरून तुझ्या दुसऱ्या हाताशी कधी पोचेल? माणशी पाव सेकंद धरला तरी ७७ दिवस! हे उत्तर आलं तेव्हा मी पुन्हा गुणाकार करून पाहिला. बरोबर आहे.

जमिनीवर अशा साखळ्या झाल्या आहेत. १९८६च्या मे महिन्यात अमेरिकेत भूक आणि बेघरांसाठी निधी जमवायला पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत लोक उभे राहिले, पण वाळवंटात खंड पडले. माझं मन मात्र बाल्टिकच्या साखळीत गुंतलंय. २३ ऑगस्ट १९८९, संध्याकाळचे सात. एस्टोनियातल्या टॅलिनपासून लाटव्हियातल्या रिगावरून लिथुआनियातल्या विल्नियसपर्यंत सुमारे पावणेसातशे किलोमीटर लोकांनी एकमेकांचे हात धरले. तेव्हा मोबाइल कुठले? कुठल्या गावाने रस्त्याचा कोणता तुकडा धरायचा हे आधी ठरलेलं, न्यायला बसगाड्या, आणि हात कधी धरायचे ते रेडिओवरून कळायचं. म्हातारी माणसं, कडेवरची मुलं, सगळी पंधरा मिनिटं तशीच उभी. माझ्या हिशोबाने त्या अंतराला साडेचार लाख माणसं पुरली असती. आली वीस लाखांच्या घरात, म्हणजे तिन्ही देश मिळून चौघांतला एक!

तारीख मुद्दाम निवडलेली होती. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, २३ ऑगस्ट १९३९ला, हिटलर आणि स्टालिन यांच्या सरकारांनी करार केला आणि त्याच्या गुप्त कलमांत पूर्व युरोपची वाटणी केली. पुढच्याच वर्षी हे तिन्ही देश सोव्हिएत संघात कोंबले गेले. अशी गुप्त कलमं नव्हतीच, असं मॉस्को पन्नास वर्षं सांगत राहिलं. घरोघरी लोकांना खरं ठाऊक होतं, पण उघड बोलायची सोय नव्हती. साखळीनंतर चार महिन्यांत, डिसेंबर १९८९मध्ये, सोव्हिएत संसदेने ती कलमं मान्य केली आणि त्यांचा निषेधही केला. १९९१मध्ये तिन्ही देशांच्या स्वातंत्र्याला मॉस्कोने मान्यता दिली. एकट्या साखळीने हे झालं असं मी म्हणणार नाही, पण एवढी माणसं उघड्यावर उभी राहिल्यावर भीती उरली नाही, हे खरं.

म्हणून सांगते, नुसत्या विक्रमासाठी मी कुणालाही उन्हात उभं करणार नाही. ज्याच्यासाठी घरातली म्हातारी माणसंसुद्धा आपणहून रस्त्यावर येतील, असं कारण आधी हवं. मला विचारशील तर युद्धात अडकलेल्या मुलांसाठी मी आज उभी राहीन. तू कशासाठी राहशील? सविस्तर लिही, आणि नैरोबीतल्या तुझ्या शेजारणींनाही विचारून कळव.

तुझी,
शैला