तीन आठवडे थांबणं मी सोडलं

भाजलेल्या जखमेला घाई करू नये, या मताचा मी कित्येक वर्षं होतो. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतून येणारे कामगार, कुणी भट्टीच्या झळेनं भाजलेला, कुणाच्या हातावर साच्यातला वितळलेला धातू उडालेला. त्यांच्या जखमेवरचा जळका थर आपोआप सुटेपर्यंत रोज मलम, रोज ड्रेसिंग. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला खाली लाल, दाणेदार मांस दिसू लागलं की मग मांडीची कातडी काढून तिथं लावायची.

या मताला आधार होता. जळका थर ताजेपणीच कापायचा तर भराभर रक्त जातं. भूलतज्ज्ञ आणि रक्ताच्या पिशव्या हाताशी नसतील तर रुग्ण टेबलावरच दगावू शकतो. याउलट, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या मारिबोरच्या शल्यचिकित्सक झोरा यांझेकोविच यांनी १९७० साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. पहिल्या काही दिवसांतच मेलेली त्वचा पातळ पातळ कापत जायची आणि त्याच बैठकीत नवी लावायची, ही त्यांची पद्धत. परीक्षेत मी ती लिहिली होती, पण मला ती पटली नव्हती.

माझं मत बदललं ते हातांमुळे. लावलेली कातडी छान धरायची, घरी जाताना जखम भरलेली असायची आणि तरी काही महिन्यांनी तोच माणूस समोर बसून म्हणायचा, “डॉक्टरसाहेब, मूठच वळत नाही.” तीन आठवडे उघड्या राहिलेल्या जखमेत सूज मुरते, व्रण जाड होतो, सांधे आखडतात. लेथवर काम करणाऱ्याला मूठ वळत नसेल, तर जखम भरली या वाक्याला काय अर्थ उरतो?

आता खोल भाजलेल्या हाताला मी चौथ्या-पाचव्या दिवशीच हात घालतो. सुरीनं एकेक पापुद्रा काढत जायचं. आधी करडा, निर्जीव थर निघतो. मग पांढरी, चकचकीत त्वचा लागते आणि तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटतात. तिथं थांबायचं, कारण तेवढी त्वचा जिवंत आहे. ॲड्रेनालिनमध्ये भिजवलेलं गॉज दाबून रक्त पूर्ण थांबवायचं. ही पायरी मी कुणाला उरकू देत नाही. मांडीवरून काढलेली पातळ कातडी पहिले एक-दोन दिवस खालून झिरपणाऱ्या द्रवावर तग धरते, मग तिच्या नि खालच्या रक्तवाहिन्यांची तोंडं जुळतात. मध्ये रक्ताची गुठळी साचली किंवा कातडी जराशी सरकली, की ही जुळणी होत नाही. म्हणून घट्ट ड्रेसिंग, बोटांचे बुडखे वाकवून प्लास्टरची पट्टी, आणि पाचव्या दिवसापर्यंत ती उघडायची नाही. उघडल्यावर बोटानं दाबली की पांढरी पडणारी आणि सोडताच पुन्हा गुलाबी होणारी कातडी म्हणजे ती धरलेली कातडी. रुग्णाची तक्रार मात्र मांडीची असते! तिथं सगळ्या मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात, म्हणून ती दोन आठवडे हाताहून जास्त झोंबते. हे आधीच सांगून ठेवावं.

गरम पाण्यानं भाजलेल्या लहान मुलांच्या बाबतीत मी अजूनही थांबतो. त्यांची जखम किती खोल आहे हे पहिल्या दिवसांत कळत नाही, आणि पुष्कळदा ती आपसूक भरून येते.

पण निम्मं अंग भाजलं असेल तर लवकर कापून तिथं लावायचं काय? १३ जून २०२४ रोजी नागपूरजवळ धामण्याच्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट झाला. मेलेल्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. अशा भाजण्यात रुग्णाच्या स्वतःच्या अंगावर काढण्याजोगी त्वचाच पुरेशी उरत नाही. अशा वेळी मृत व्यक्तीनं दान केलेली त्वचा लावतात. ती कायमची टिकत नाही, दोन-तीन आठवड्यांत शरीर ती नाकारतं, पण तेवढ्या काळात अंगातलं पाणी नि प्रथिनं वाहून जाणं थांबतं, जंतू बाहेर राहतात आणि रुग्णाच्या मांडीला पुन्हा त्वचा येते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. आपल्या नागपुरातही आता आहे.

पूर्वी मृताच्या नातेवाइकांजवळ हा विषय काढायला माझी जीभ रेटत नसे. डोळ्यांचं विचारायचो, त्वचेचं नाही. आता दोन्ही विचारतो. “अंग सोलणार काय जी?” असं कुणीतरी विचारतंच, आणि तो प्रश्न रास्त आहे. पाठ, मांड्या आणि पाय एवढ्याच जागांवरून वरचा पातळ थर काढतात, रक्त वाहत नाही, चेहऱ्याला हात लावत नाहीत. तासाभरात पट्ट्या बांधून देह घरच्यांच्या ताब्यात देतात. रक्तगट जुळवावा लागत नाही. एवढंच, की मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा काढायला हवी, म्हणून पेढीला फोन लगेच करायचा.