ज्याची त्याची चव

आमच्या मांजरीला बासुंदी आवडते असं घरात सगळ्यांचं ठाम मत आहे. वाटी चाटूनपुसून लख्ख करते. पण गंमत म्हणजे तिला त्यातली साखर कळतच नाही! गोड ओळखायला लागणारा एक जनुक मांजरांमध्ये निकामी झालाय, असं २००५ साली संशोधकांना आढळलं. वाघ आणि चित्ता यांचीही तीच कथा. ती चाटते ते बहुधा दुधातल्या सायीसाठी. खरंच आहे म्हणा, निव्वळ मांसावर जगणाऱ्याला साखर ओळखून करायचंय काय?

हे वाचल्यापासून चव पदार्थात असते यावरचा माझा विश्वासच उडालाय. मिरचीचंच बघा. पोपट ती मजेत खातो, कारण तिच्यातलं कॅप्सेसिन पक्ष्यांना जवळजवळ जाणवतच नाही. आपल्याला जाणवते तीसुद्धा खरं तर चव नव्हे, निव्वळ जळजळ!

कॅटफिश जातीच्या माशांच्या (आपला मागूर त्यातलाच) मिशांवर, एवढंच काय अंगावरही स्वादकलिका असतात. गढूळ पाण्यात डोळे काय कामाचे? तो अख्ख्या अंगाने चव घेत फिरतो.

मला सगळ्यात आवडला तो हमिंगबर्ड. पक्ष्यांच्या पूर्वजांनी गोड चव कधीच गमावली होती. याला तर मधावर जगायचं. मग काय, मांसरसाची ‘उमामी’ चव ओळखणारी यंत्रणाच बदलत बदलत गोड ओळखायला लागली! हे कळलं २०१४ मध्ये. गेलेली चव दुसऱ्या वाटेने परत आली म्हणायची..

जनुकांचं राहू द्या, एकाच माणसाची जीभसुद्धा जन्मभर एकच सांगत नाही. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत. "आमटीला चव नाही," असं रोज म्हणतात. आई दुखावते. पन्नास वर्षं तोच हात, तेच प्रमाण. पण ज्याला आपण चव म्हणतो त्यात वासाचा वाटा मोठा, आणि वयाबरोबर वास मंदावतो. म्हणजे दोघंही खरंच बोलतायत. हे मी आईला समजावलं. "म्हणजे माझ्या हाताची चव गेली नाही तर!" एवढंच म्हणाली, आणि किती दिवसांनी हसली.

रक्तदाबामुळे मीठ वाढवता येत नाही. सध्या वरून लसणाची फोडणी आणि लिंबू चालू आहे. तुमच्याकडे अजून काही युक्ती असेल तर जरूर सांगा.