पाडव्याचा कडू-गोड घास

लातूरच्या गंजगोलाईत 16 रस्ते एकत्र येतात. चैत्री पाडव्याच्या आदल्या दिवशी येथे गूळ, हरभऱ्याची डाळ, साखरेच्या गाठी यांची खरेदी चालते. सकाळी गुढी उभारल्यावर कडुनिंबाची कोवळी पाने, भिजवलेली डाळ, गूळ, जिरे, हिंग वाटून वर्षाचा पहिला घास घेतात. काही घरी त्यात मध घालतात; आपल्याकडे मध वर्ज्य, म्हणून गोडवा गुळाचाच. नांदेडमार्गे तेलंगणाच्या सीमेवरील देगलूरकडे वळावे, तर तेलुगू घरांत हाच सण उगादी होतो. तेथील पचडीत निंबाच्या फुलोऱ्यासह चिंच, कैरी, मीठ, तिखटही असते. हल्ली मुलांच्या हाती नुसती गाठी देऊन आपण कडू टाळतो. व्यापाऱ्याच्या वहीत मात्र नफ्याबरोबर तोटाही मांडावाच लागतो. तो घास मुलांनाही द्यावा.