विचारलं तर सांगू!

घर विकायचं ठरल्यावर अण्णांनी सगळ्यात आधी पेंटर बोलावला. बीडचं आमचं घर, बिंदुसरेपासून दोन गल्ल्या आत. आजी गेल्यापासून कुलूपबंद. एजंट दोन टक्के मागत होता. म्हटलं, मोबाइल आहे, फोटो आहेत, आपणच विकू की! फोटो मीच काढले. मागच्या खोलीतलं कपाट मात्र एका भिंतीला बरोब्बर झाकेल असं सरकवलं. हो, मीच. आणि म्हणे पत्रकार.

त्या भिंतीचं असं आहे. १९८९ च्या जुलैमध्ये बिंदुसरेला मोठा पूर आला. बीडमधल्या पन्नाशीपुढच्या कुणालाही विचारा, सांगत सुटेल. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. घर टिकलं, पण मागची भिंत कधी पुरती वाळली नाही. दर पावसाळ्यानंतर पोपडे सुटायचे आणि दर दिवाळीला रंग. शेवटी कमरेएवढ्या टाइल्स लावल्या, तर ओल टाइल्सच्या वर चढली! दुसरं दुखणं बोअरचं. दिवाळीत बदाबदा पाणी, मार्च उजाडला की नुसती हवा. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेने पाणी गेलं त्या वर्षी, आम्ही टँकरवर होतो.

‘‘हे सगळं सांगायचं का?’’ मी विचारलं.

‘‘विचारलं तर सांगू,’’ अण्णा म्हणाले.

त्यांचंही काही चूक नव्हतं. याच पैशांतून आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं होतं. पुराचं नाव काढलं की भाव पडणार, हे मलाही कळत होतं.

रात्री वकील मैत्रिणीला फोन केला. तिने १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ काढलं. विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगावाच लागतो. दडवला तर ती फसवणूक. जे उघड दिसतं, ते ज्याचं त्याने बघावं.

‘‘मग कपाट सरकवून बघायची काळजी त्यांनीच घ्यायला हवी ना?’’

ती हसली. ‘‘कपाट तिथं कुणी ठेवलं, हेही विचारतील हं.’’

पूर हा दोष ठरतो का, यावर वकील भांडू शकतील. ओलीवर फारसं भांडता येणार नाही, असं तिचं मत. महारेराचाही इथे संबंध नव्हता. आजोबांनी बांधलेल्या घराचा आपसातला व्यवहार त्यात येत नाही. खरं सांगू? त्या रात्री पहिल्यांदा एजंट हवा होता असं वाटलं. दोन टक्क्यांत निदान तोंड तरी त्याचं वापरलं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी गेवराईकडचं जोडपं आलं. माझ्याच वयाचे, दोघांची नोकरी, सोबत चार वर्षांची मुलगी. घर कर्जावर घेणार. पीआर कार्ड विचारलं, पार्किंग विचारलं, शाळा किती लांब ते विचारलं. दिवाळी नुकतीच झालेली, बोअर जोरात. ओलीचं, पुराचं चकार शब्दाने विचारलं नाही. अण्णांचा चेहरा खुलत चाललेला.

‘‘ताई, या खोलीत हिचा पलंग टाकू. कपाट तुम्ही नेणार ना?’’

मी काही बोलले नाही. कपाट ओढलं. एकटीला हलेना, तर तिचा नवराच मदतीला आला! मागे भिंत फुगलेली, नव्या रंगासकट.

मला वाटलं, अण्णा आता भडकणार. ते भिंतीजवळ गेले, छातीपाशी आडवा हात धरला. ‘‘पाणी इथपर्यंत होतं.’’ मग थांबेचनात. माळवदावर कोण कोण चढलं होतं, आजीने कुठली ट्रंक वाचवली, चिखल किती दिवस काढला. यातलं निम्मं मीही पहिल्यांदाच ऐकत होते. बोअरचं मात्र सोयीस्कर विसरले. ते मी सांगितलं.

चार दिवसांनी फोन आला. घर घेतो म्हणाले, पण अडीच लाख कमी.

आईचा एकच गुडघा यंदा होईल, दुसरा पुढच्या वर्षी. अण्णा दर दोन दिवसांनी मला अडीच लाखांचा हिशेब ऐकवतात. साठेखतात ‘ओल व १९८९ च्या पुराची कल्पना दिली आहे’ हे वाक्य मात्र त्यांनीच घालायला लावलं. आणि बोअरचं राहिलं म्हणून ते पान पुन्हा टाइप करून घेतलं.