बिनकामाचं चालणं

मागच्या एका शिबिरात कार्यकर्त्यानं वेळ कसा वापरावा यावर चर्चा चालली होती. एक तरुण पोरगा तावातावानं बोलला. कट्ट्यावर बसणं, चहा ढोसणं, कॅरम कुटणं, संध्याकाळी उगाच भटकणं ही पांढरपेशी थेरं आहेत, आपल्याला परवडणारी नाहीत. टाळ्या पडल्या. पोराची तळमळ खरी होती. पण मला ते पटलं नाही, आणि का पटलं नाही हे तिथं पाच मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथं लिहितो आहे.

माझा आजा खटाव तालुक्यातला. महारकीची पाळी आली की चोवीस तास गावाचा. मयताचा सांगावा घेऊन पळ, अंमलदार आला तर त्याच्या घोड्यापुढं पळ, मेलेलं ढोर ओढ. तो सांगायचा, "म्हार रिकामा दिसला की कुणीबी हाळी द्यायचं. पाय आपलं, पर चालवायचं गावानं." गावातनं कामाशिवाय चालणारा महार म्हणजे एकतर कामचुकार, नाहीतर चोर. पारावर बसायची तर गोष्टच सोडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्याला दुरुस्तीचं बिल मांडलं. वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ चा. मधे तीस वर्षं गेली. आपल्या विमुक्त भावांचं तर याहून वाईट. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं त्यांच्या चालण्यालाच गुन्ह्याचा वास लावला. हजेरी द्या, परवानगी घ्या, मग तळ हलवा. तो कायदा गेला १९५२ ला.

असा हा आजा मुंबईला आला, गिरणीत लागला आणि नायगावच्या बीडीडी चाळीत एका खोलीत सातजणांत आठवा म्हणून राहिला. गिरणीबद्दल तो फारसं बोलत नसे. बोलायचा ते संध्याकाळबद्दल. पाळी सुटली की हातपाय धुवायचे, धुतलेलं धोतर नेसायचं आणि नायगावातनं दादर टीटीपर्यंत चालत जाऊन परत यायचं. (ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, तरी आम्ही अजून टीटीच म्हणतो.) मी विचारायचो, कशाला जायचास? तो म्हणायचा, "उगंच." एखादा बागायतदार आपले एकर सांगतो तसा तो हे उगंच सांगायचा.

वाटेत इराणी. गावच्या हॉटेलात आमची कपबशी वेगळी, छपराच्या वळचणीला खोचलेली, कान तुटलेली. आपणच काढायची, आपणच विसळून ठेवायची, चहा वरून ओतणार. इथं संगमरवरी टेबल, समोर आरसा, आणि शेजारी बसलेला कोण ते इराण्याला माहीत नाही आणि त्याला करायचंही नाही. त्याला पैशाशी मतलब. आजा म्हणायचा, पयल्यांदा कप उचलला तवा हात थरथरला.

मुंबईनं जात पुसली असं मी म्हणणार नाही. तोच आजा गिरणीत रिंग खात्यातच सडला. साच्यावर पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, विटाळ होईल. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना हाच सवाल केला होता. आणि चालण्याचं म्हणाल, तर याच शहरात १० जानेवारी १९७४ ला परळला मोर्च्यावर वरून दगडी पाटा टाकला आणि भागवत जाधव जागच्या जागी गेला. रस्ता आपल्याला कुणी बक्षीस दिलेला नाही.

पण म्हणूनच तो मला सोडावासा वाटत नाही. सदाशिवपेठी ललित लेखांत फिरणं असतं, पहाटेचा प्राजक्त असतो. ते त्यांना लखलाभ. माझं फिरणं चाळीच्या मधल्या पॅसेजमधनं सुरू होतं. भर दुपारीसुद्धा तिथं अंधार. दोन्हीकडं खोल्या, कुणाकडं बोंबील भाजताहेत, कुणाकडं सुकट, कुणाकडं टीव्हीवर भांडण. खाली दिव्याच्या खांबाशी कॅरम. तिथं चार पिढ्यांचा एकच नियम, क्वीन घेतली तर कव्हर दाखव. कोपऱ्यावर कटिंग, उभ्यानं. कुणाच्या तरी मोबाईलवर प्रल्हाद शिंदे. बॅण्ड पथकातला म्हातारा खालीच बसलेला असतो, तो हमखास म्हणणार की आता गाण्यात दम राहिला नाही.

मग टीटी ओलांडून हिंदू कॉलनी. राजगृहासमोर दोन मिनिटं थांबायचं. बाबासाहेब १९१२ ते १९३४ पोयबावडीच्या बीआयटी चाळीत राहिले, मग इथं आले. दोन्ही जागांमधलं अंतर पायी अर्ध्या-पाऊण तासाचं. आपण बाबासाहेबांना पुतळ्यात उभं करून ठेवलं. पण हा माणूस कुत्र्यावर जीव लावायचा, हौसेनं स्वतः रांधायचा, उतारवयात व्हायोलिन शिकायचा. त्यांच्याइतकं काम आपल्यातल्या कुणी केलंय? ७ जुलै २०२० ला या घरावर हल्ला झाला तेव्हा कुंड्या फोडल्या. का, ते फोडणाऱ्याला ठाऊक. मला मात्र राहून राहून वाटतं, आपल्या माणसाच्या दारात फुलझाडं असावीत हेच कुणाला तरी खुपत असणार.

तिथनं फाइव्ह गार्डन. पारशी कॉलनीतली झाडी, बाकडं, शेंगदाण्याची पुडी. बसायचं. काही करायचं नाही. आजा इथवर कधी आला नव्हता. त्याला वाटायचं, बागेत बसायला तिकीट असेल.

आता एक गोष्ट, जी शिबिरात कुणीच काढली नाही. आईला मी एकदा विचारलं, तू कुठं फिरायचीस? ती म्हणाली, "नळापासनं खोलीपातूर." एका मजल्यावर वीस खोल्या, नळ आणि संडास सामाईक, रांग पहाटे चारला लागणार. आज्याचं आणि बापाचं उगंच जे होतं ते तिच्या आणि आजीच्या रांगेवर उभं होतं. वर्षातनं एकदा, ६ डिसेंबरला, चाळीतल्या बाया चालत शिवाजी पार्कला जायच्या. आई तिथल्या स्टॉलवरनं पुस्तकं घ्यायची. वाचता येत नव्हतं. रात्री माझ्याकडनं वाचून घ्यायची आणि मधेच म्हणायची, थांब, मागचं पान पुन्ना वाच. तिची मौज ती.

माझी पुतणी आता रात्री नऊला मैत्रिणींबरोबर फाइव्ह गार्डनला जाते. खाली कट्ट्यावर आपलीच पोरं बसलेली असतात, गळ्यात निळा पंचा. ती विचारतात, "काय गं, कुठं निघाली एवढ्या रात्री?" मित्रांनो, ही कोणती हाळी? आज्याला गावात जी द्यायचे तीच की. बाईनं रस्त्यावर असायचं तर कामानं, डबा, क्लास, दवाखाना. उगंच नाही. पुतणीनं त्यांना उत्तर दिलं, "उगाच." तिला आज्याची गोष्ट कुणी सांगितलेली नव्हती.

बीडीडीच्या एकंदर २०७ चाळी, १९२० च्या दशकातल्या. खोली १६० चौरस फुटांची. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या पाचशे फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चांगलं झालं. चाळीचे गोडवे गाणारे बहुतेक चाळीत राहत नाहीत. घरात संडास असणं म्हणजे काय ते माझ्या आईला विचारायला हवं होतं. पण टॉवरला गेट असतं आणि गेटवर वॉचमन. तो विचारणार, कुणाकडं जायचंय, काय काम आहे. काम नाही म्हणालात तर आत सोडणार नाही. लिफ्टमधनं उतरलं की गाड्या. कॅरम मांडायचा कुठं, म्हाताऱ्यानं बसायचं कुठं, पोरींनी थांबायचं कुठं?

आमच्या मजल्यावर आता यावरच बैठका होताहेत. लोक हौसेनं येतात. टाइल्स, पार्किंग, मेन्टेनन्स, वॉचमनचा पगार, सगळ्यावर तासतास बोलतात. परवाच्या विषयपत्रिकेवर नऊ विषय होते. कट्टा त्यात नव्हता. तो मी ऐनवेळच्या विषयांत घ्यायला लावला. चर्चा निम्मी झाली, मग नळाला पाणी आलं आणि सगळे उठले. पुढची बैठक रविवारी आहे.