पुढची काच

मोटारीसंबंधीं आमच्या मंडळींत जेव्हां जेव्हां गोष्टी निघतात, तेव्हां ती एका लिटरांत किती धांवते, चाकांचे टायर कोणत्या वर्षीं बदलले, आंतला गारवा मे महिन्यांत पुरतो कीं नाहीं, याचा ऊहापोह तास तास चालतो. पुढच्या काचेच्या पायथ्याशीं निजलेल्या त्या दोन काळ्या दांड्यांचें नांव मात्र कोणी काढीत नाहीं. वायपर हा मोटारीच्या संसारांतला मुका आश्रित आहे. आठ महिने त्याची आठवण कोणास होत नाहीं, आणि नवव्या महिन्यांत, एखाद्या अंधाऱ्या सायंकाळीं, गाडींतल्या सर्वांचे प्राण त्याच्या हातीं जातात.

हें विधान मुंबई-कोंकणच्या वाचकांस अतिशयोक्तीचें वाटेल. तिकडे पावसाळाभर वायपरास उसंत नसते. तो बिघडला तर त्याच दिवशीं कळतें. आमच्या वऱ्हाडाची तऱ्हा निराळी. आमचें घर अकोल्याच्या जुन्या शहरांत, मोर्णेच्या पश्चिमेस. येथल्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या. मोटारीस घरांत जागा कोठून मिळणार? ती कडुनिंबाखालीं, नाहीं तर उघड्यावर उभी राहते. उन्हाळ्यांत येथें पारा ४५ अंशांच्या वर जातो हें वर्तमानपत्रें वाचणारांस ठाऊक आहेच. पण तो पारा सावलींतला. उन्हांत उभ्या असलेल्या मोटारीच्या काचेस हात लावून पाहावा, म्हणजे त्या आंकड्याचा अर्थ कळतो. अशा काचेवर रबराची एक नाजूक धार फाल्गुनापासून मृगापर्यंत पडून भाजत असते.

हें रबर काच पुसतें तें फडक्याप्रमाणें घासून नव्हे. त्याची धार किंचित् वांकून, दांडीच्या मागें ओढली जात, पाण्याचा थर सारीत जाते. दांडी उलट फिरली कीं धारही दुसऱ्या कुशीवर वळते. हें कूस बदलणें ज्यास साधतें तें रबर जिवंत समजावें. ऊन आणि हवेंतील ओझोन यांनीं तें कडक झालें, एकाच बाजूस पडून पडून त्यास कायमचा बांक आला, कीं जातांना तें बरें पुसतें, पण येतांना ठेचा खात, कुरकुरत येतें. ही कुरकुर ऐकून चालक दांडीवर राग काढतात. काढावयाचा तो गेलेल्या उन्हाळ्यावर.

मग मृग लागतो. आमच्याकडे पाऊस पुष्कळदां उशिरा येतो, आणि आला तरी प्रथम हात राखून येतो. पहिल्या सरीनें रस्ता धुतला जात नाहीं, नुसता भिजतो. काळ्या मातीची मैद्यासारखी धूळ, मालमोटारींच्या धुराची काजळी, डांबरावरून उडालेलें तेल, झाडावरून गळलेला चिकट रस, हें सर्व काचेवर आधींच बसलेलें असतें; त्यावर चार थेंब पडतात. अशा वेळीं वायपर फिरविणें म्हणजे काच पुसणें नव्हे, सारवणें होय.

विद्यापीठाच्या कामासाठीं आम्हांस अमरावतीस वारंवार जावें लागतें. हा रस्ता आतां फार चांगला झाला आहे. जून २०२२ मध्यें याच मार्गावर, लोणी ते मूर्तिजापूर या टप्प्यांत, एका पदरी हिशेबानें ७५ किलोमीटरांचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत घालून गिनेसच्या बुकांत विक्रम नोंदविण्यांत आला, याचा आम्हां वऱ्हाडकरांस वाजवी अभिमान आहे. रस्ता सुधारला तसा वेग वाढला. ताशीं ८० किलोमीटरांनीं जाणारी गाडी एका सेकंदांत २२ मीटर अंतर तोडते. वायपराची एक पुरी फेरी, तो अगदीं जलद चालविला तरी, सुमारें तेवढाच वेळ घेते. म्हणजे काच एकदां पुसून पुन्हां पुसली जाईपर्यंत गाडी एखाद्या वाड्याच्या लांबीहून पुढें गेलेली असते.

त्यानंतरच्या एका जूनमध्यें भाड्याच्या मोटारीनें आम्ही अमरावतीहून परतत होतों. बडनेरा मागें पडलें तेव्हां दिवस मावळत होता. मूर्तिजापूर येण्यापूर्वींच आभाळ दाटून आलें आणि टपोरे थेंब पडूं लागले. चालकानें वायपर सुरू केला. पहिल्या झटक्यास काच मोकळी झाली, आणि परत येणाऱ्या दांडीनें तिच्यावर वीतभर रुंदीचा पांढरट पट्टा ओढला, तोही नेमका चालकाच्या डोळ्यांपुढें. इतक्यांत दुभाजकापलीकडून एकामागून एक ट्रक आले. स्वच्छ काचेंतून ट्रकाचे दिवे दोन दिसतात. या काचेवर त्यांची एकच प्रभा पसरली आणि तिच्यांत रस्ता नाहींसा झाला. त्या प्रभेच्या पलीकडे, आमच्याच बाजूस, मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली चालली होती. चालकास ती दिसली नाहीं. आम्हांस दिसली, कारण आमच्या बाजूचें रबर थोडें बरें होतें. आमच्या तोंडून शब्द पुरा निघण्यापूर्वीं त्यानें ब्रेक दाबला व गाडी डावीकडे घेतली. ट्रॉलीच्या फळीपासून चार हातांवर ती थांबली. पेरणीचे दिवस होते. बियाण्याच्या पिशव्यांवर मेणकापड ओढून पांचसहा माणसें बसलीं होतीं. त्यांतल्या एका बाईनें आमच्याकडे वळून पाहिलें आणि मुलाच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. काय टळलें हें त्यांना कळलेंही नसावें.

चालक कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “सर, रबर गेलं हाये. मालकाले चैतातच सांगतलं होतं. थे म्हने, पानी कुठी हाये आता? पानी आलं का पाहू.”

“मग भाऊ, तुम्हीच कां नाहीं घालून घेतलें?” आम्हीं विचारलें.

“गाडी मालकाची, सर. माह्या पगारातून गेलेले पैसे मंग कोन देते?”

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्यानें आमच्या पिण्याच्या पाण्यानें काच धुतली, चिंधी भिजवून रबराची धार दोन बोटांच्या चिमटींत धरून पुसली. चिंधी कोळशासारखी काळी झाली. या उपायानें पट्टा निम्मा गेला. उरलेला निम्मा अकोल्यापर्यंत आमच्याबरोबर आला, आणि आम्ही बैलगाडीहून थोड्या अधिक वेगानें घरीं पोंचलों. मोटारीस कार्यक्षम वायपर असावा असें १९८९ च्या केंद्रीय नियमांत स्पष्ट लिहिलें आहे. परंतु रबराचे पैसे देणारा मनुष्य त्या काचेमागें बसत नाहीं आणि काचेमागें बसणाऱ्याच्या हातीं पैसे नसतात, या गोष्टीस नियम काय करणार? ज्यांच्या घरीं पगारी चालक आहे अशा वाचकांनीं, त्यानें मागण्याची वाट न पाहतां, मेअखेर ही एवढी खरेदी स्वतः करावी, अशी आमची विनंति आहे. जुनें पातें काढल्यावर उघडी दांडी काचेवर आपटून ती तडकते, म्हणून तेवढा वेळ काचेवर जाड फडकें पसरून ठेवावें.

बाकीचें शास्त्र फारसें अवघड नाहीं. कोरड्या काचेवर वायपर कधींही फिरवूं नये; धुळींतले कण रबराखालीं सांपडून काचेवर धनुष्याकृति ओरखडे उठतात, आणि ते रात्रीं समोरच्या दिव्यांत चमकतात. आधीं टाकींतल्या पाण्याची चिळकांडी मारावी, मग दांडी हलवावी. ही टाकी उन्हाळ्यांतच भरून ठेवावी लागते, कारण तिची गरज मुसळधार पावसापेक्षां भुरभुरींतच अधिक. पावसाळी सायंकाळीं दिव्यांवर झेंपावणारे पंखांचे किडे काचेवर चिरडतात, त्यांनाही हाच न्याय. आषाढांत कोसळणाऱ्या सरीस उपाय वायपराचा नसून वेगाचा आहे. गाडी जितकी जोरांत, तितकें काचेवर पाणी अधिक. सर्वांत जलद चालीवरही रस्ता दिसेनासा झाला, तर रस्त्याच्या पुरतें बाहेर जाऊन उभें राहावें. २०२१ च्या जुलैंत ज्या पावसानें मोर्णेस पूर आणला, त्या पावसांत कोणता वायपर पुरला असता? जातां जातां एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. चालत्या गाडीचे चारही दिवे लुकलुकत ठेवण्याची जी नवी चाल पावसांत पडली आहे, ती आम्हांस मुळींच मान्य नाहीं. ते दिवे उभ्या गाडीचे. ते लावून धांवणारी गाडी कोणत्या बाजूस वळणार, हें मागच्यास ब्रह्मदेवही सांगूं शकणार नाहीं.

काच धूसर झाली कीं पुष्कळ लोक वायपर जोरानें फिरवितात व व्यर्थ चिडतात. धुकें आंतलें कीं बाहेरचें, हें प्रथम ओळखलें पाहिजे. आंतून बोट फिरवावें. रेघ उमटली तर तें आपल्याच श्वासांचें बाष्प. बंद खिडक्यांच्या गाडींत चार माणसें ओल्या कपड्यांनीं बसलीं कीं तें जमणारच, आणि बाहेरच्या दांडीस तें पुसतां येणार नाहीं. तेथें वातानुकूलन यंत्र लावून त्याची हवा काचेकडे सोडावी. तें यंत्र हवा नुसती गार करीत नाहीं, कोरडीही करितें. रेघ उमटली नाहीं, तर प्रकार उलटा आहे. आंतल्या गारव्यानें काच थंड झाली आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर दंवाप्रमाणें उतरली. हें दंव वायपरानें जातें. पण पुन्हां येऊं नये यासाठीं गारवा कमी करून हवेचा झोत काचेवरून काढावा लागतो. पौषांत पहांटे निघणारांस काचेवर खरेंच दंव मिळतें. त्याच्याखालीं रात्रीची धूळ असते एवढें लक्षांत ठेवलें म्हणजे झालें.

या यंत्राचा इतिहास मौजेचा आहे. अलाबामांतील मेरी अँडरसन या बाईनें न्यूयॉर्कला हिमवर्षावांत ट्राम चालविणारा चालक काच उघडून बाहेर डोकावतांना पाहिला, आणि १९०३ मध्यें हातानें फिरविण्याच्या वायपराचें पेटंट घेतलें. पैसा मात्र तिला मिळाला नाहीं. पुढें रॉबर्ट कर्न्स नांवाच्या गृहस्थांनीं थांबून थांबून चालणारा वायपर काढला. हे आमच्याच पेशाचे, अभियांत्रिकीचे प्राध्यापक. १९५३ सालीं लग्नाच्या रात्रीं मद्याच्या बाटलीचें उडालेलें बूच त्यांच्या डाव्या डोळ्यास लागून तो अधू झाला. पापणी सारखी फडफडत नाहीं, मधून मधून मिटते. मग वायपरानें तसें कां करूं नये, हा त्यांचा प्रश्न. त्यांनीं पेटंट घेतल्यावर मोटारींचे मोठे कारखाने ती युक्ति न विचारतां वापरूं लागले. कर्न्स न्यायालयांत लढले, आणि १९९० मध्यें ज्यूरीनें फोर्ड कंपनीविरुद्ध त्यांच्या बाजूनें निकाल दिला. एक कोटी दोन लाख डॉलर मिळाले. संसार मात्र त्यापूर्वींच मोडला होता.

त्यांच्या युक्तीची खरी किंमत आमच्या जुन्या शहरांत श्रावणांत कळते. श्रावणाच्या अखेरच्या सोमवारसाठीं हजारो माणसें गांधीग्रामहून पूर्णेचें पाणी कावडींत भरून, सुमारें १८ किलोमीटर अनवाणी चालत, राजराजेश्वराच्या अभिषेकास आणतात. रविवारीं रात्रीं त्या वाटेवर एखादी मोटार अडकली तर तिला पावलाच्या गतीनेंच सरकावें लागतें. पाऊस घटकेंत येतो, घटकेंत जातो. वायपर सतत चालविला तर कोरड्या काचेवर रबर ओरडतें, बंद ठेवला तर थेंबांत दिवे फुटतात. दांडी पहिल्या खांचेवर ठेवावी. तो एकदां फिरतो, थांबतो. तेवढ्यांत काचेवर थेंब जमतात, पुन्हां फिरतो, आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या स्वच्छ काचेंतून पुढच्या माणसांच्या भिजलेल्या पाठी आणि चिखलानें माखलेले पाय वेगवेगळे मोजतां येतात.