पोटभाडेकरू

पोटभाडेकरू हा प्राणी ज्याने पाहिला नाही त्याने चाळ पाहिली नाही. मालक वेगळा, भाडेकरू वेगळा, आणि भाडेकरूच्या दोन खोल्यांतली एक अडवून "आमच्याकडे या ना एकदा!" असं जगाला बोलावणारा पोटभाडेकरू वेगळाच. गिरगावात आमच्या शेजारी एक गृहस्थ असे सतरा वर्षं राहिले. शेवटीशेवटी तेच मूळ भाडेकरूला "या, बसा" म्हणायला लागले होते.

हे गृहस्थ मला परवा आठवले ते भाच्यामुळे. तो हिंजवडीला नोकरी करतो. त्याच्या आईला विचारलं तर ती म्हणते, "कॉम्प्युटरमध्ये आहे," जणू पोरगं आत जाऊन बसलंय. म्हणून त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "मामा, मी व्हर्च्युअल मशीनची मेमरी बघतो. एका खऱ्या यंत्रात दहा-वीस खोटी यंत्रं वस्तीला असतात, आणि प्रत्येकाला वाटतं की सगळा वाडा आपलाच."

"म्हणजे पोटभाडेकरू!" मी म्हणालो.

बिचारा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "हो. अगदी तेच." कल्पना काही आजची नव्हे. आयबीएमने १९६७ साली आपल्या ३६०/६७ या यंत्रावर असे पोटभाडेकरू ठेवले होते. मी तेव्हा सातवीत होतो आणि आमच्याकडे रेडिओसुद्धा शेजारच्यांचाच होता.

आता यातली गोम अशी, की खोल्यांना नंबर प्रत्येकजण आपापल्या मनाने घालतो. त्याची पाच नंबरची खोली खरी कुठे आहे हे एका रजिस्टरात लिहिलेलं असतं. त्याला म्हणतात पेज टेबल. प्रोसेसर हा पोस्टमन. तो रजिस्टर बघून माल पोचवतो. इंटेलच्या ३८६ ला ही विद्या १९८५ पासून येते. पण पोटभाडेकरू स्वतःचं रजिस्टर स्वतः लिहितो, आणि त्यात लिहिलेला नंबर खराच आहे असं समजतो! मालकाच्या हिशेबात ती खोली भलतीच असते. म्हणजे दोन रजिस्टरं बघायला हवीत, आणि पोस्टमनला वाचता येत होतं एकच.

मग सॉफ्टवेअरवाल्यांनी युक्ती केली. दोन्हींचा मेळ घालून तिसरं, गुप्त रजिस्टर तयार केलं. त्याचं नाव शॅडो पेज टेबल. पोस्टमनच्या हातात हे द्यायचं. पोटभाडेकरूने आपल्या रजिस्टराला पेन लावलं रे लावलं, की घंटा वाजणार. मालकाचा कारकून धावत येणार, पोटभाडेकरूला आहे तसा गोठवणार, गुप्त वहीत दुरुस्ती करणार आणि परत जाणार. मी एकोणतीस वर्षं आवक-जावक सांभाळली आहे. डुप्लिकेट रजिस्टर ठेवणं म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. त्या कारकुनाच्या विचारानेच माझे गुडघे दुखायला लागले.

शेवटी एएमडीने २००७ साली आणि इंटेलने २००८ साली पोस्टमनलाच दोन्ही रजिस्टरं वाचायला शिकवलं. कारकून सुटला. मात्र रजिस्टराला चार मजले. आणि पोटभाडेकरूच्या रजिस्टराचा प्रत्येक मजला खरा कुठे आहे हेसुद्धा मालकाच्या चारमजली रजिस्टरात शोधायचं. पूर्वी चार ठिकाणी डोकावून भागायचं, तिथे आता चोवीस ठिकाणी! मग हे परवडतं कसं? तर जुन्या पोस्टमनला पत्ते पाठ असतात, तसे याच्याही थोडे पाठ असतात. रोजच्या माणसांसाठी तो वही उघडतच नाही.

"आणि माझ्या पेन्शनचा हिशेब अशाच एखाद्या खोलीत असला तर?" मी विचारलं. "शेजारी कोण राहतं कोणाला ठाऊक. मध्ये भिंत कसली?"

"भिंत म्हणजे मालकाचं ते दुसरं रजिस्टरच, मामा."

आमच्या चाळीत मध्ये निदान फळकुट तरी होतं.

आणि या भिंतीलाही भोक पडलं होतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ते जाहीर झालं. पोटभाडेकरूच्या रजिस्टरात एखाद्या खोलीपुढे 'बंद' असा शेरा असला की पोस्टमनने तिथेच थांबायचं. पण इंटेलचा पोस्टमन भारी उतावळा. शेरा समजेपर्यंत दम न धरता, मालकाचं रजिस्टर न बघता, त्या नंबराने थेट ओट्यावर हात घालायचा. ओटा म्हणजे प्रोसेसरची अगदी जवळची मेमरी, एल-वन कॅश. तिथे दुसऱ्याचं काही पडलेलं असलं, तर कावेबाज पोटभाडेकरूला त्याचा वास काढता यायचा. उपाय निघाला तो कुठल्याही गृहिणीला सुचला असता: पोटभाडेकरूला आत घेण्यापूर्वी ओटा धुऊन काढा. काहींनी तर एका ओट्यावर दोघांना उभं करणंच बंद केलं. कामाचा वेग पडला तो पडला. पुढच्या प्रोसेसरांत हा दोष काढून टाकला म्हणे.

"पण मधल्या काळात कोणी कोणाचं वाचलं का?"

"तसं झाल्याचं ऐकिवात नाही," भाचा म्हणाला. "पण अशा वाचण्याची मागे नोंदच राहत नाही, मामा."

"म्हणजे जावक आहे, आणि रजिस्टरात नोंद नाही?"

"नाही."